ब्लाउजपिसांचे अठ्ठावीस खिसे

माझ्याकडे एकेचाळीस ब्लाउजपीस होते आणि त्यातला एकही मी विकत घेतलेला नव्हता. मराठी बाईला ब्लाउजपीस विकत घ्यावाच लागत नाही, तो आपोआप होतो. हळदीकुंकवाला गेलं की मिळतो, कुणाच्या घरून निघालं की ओटीत पडतो, आणि रंग कितीही भयंकर असला तरी तो शिवायचा नसतो, पुढच्या बाईच्या ओटीत सारायचा असतो. एक जांभळा पीस तर पुण्यात फिरून फिरून माझ्याकडेच परत आला होता, आत माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. आम्ही नेदरलँड्सला निघालो तेव्हा माझ्या आईने, म्हणजे लेकीच्या आजीने, ते सगळे बॅगेच्या तळाशी अंथरले. म्हणाली, "परदेशात ओटी कशाने भरशील?" आइंडहोवनजवळच्या आमच्या या गावात सात वर्षांत मी मोजून सहा ओट्या भरल्या. बाकीचे पीस कपाटात पडून होते, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न शेवटी कोरोनाने सोडवला.

तेव्हा आमची लेक बारा वर्षांची होती. ही पोर म्हणजे चालताबोलता रेडिओ. दातांच्या डॉक्टरने तोंड उघडं ठेवायला सांगितलं तरी तेवढ्यातही शाळेतली भांडणं सांगणारी. समजायचं तिला सगळं मराठी, उत्तर मात्र कधी डचमध्ये, कधी इंग्रजीत, आणि रागावली की तिन्हींत. ती मोठ्या शाळेत गेली आणि चार महिन्यांत शाळाच बंद झाली. नवा वर्ग, सत्तावीस नवी मुलं, निम्म्यांचे चेहरे तिने मास्कशिवाय पाहिलेही नव्हते. मग महिनोन् महिने ती, तिची खोली, समोर लॅपटॉप आणि मांडीवर फोन. बडबड हळूहळू कमी झाली, मग हो-नाहीवर आली, मग नुसती मान हलायला लागली.

ऑनलाइन वर्गात कॅमेऱ्यात तिचं फक्त कपाळ दिसायचं, कारण डोळे खाली फोनमध्ये. तिचे वर्गशिक्षक भूगोल शिकवायचे. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच, आवाजाने मात्र मऊ. मी त्यांना घरात मास्तर म्हणायचे. त्यांनी मला फोन करून सांगितलं, "ती हजर असते, पण तिथे नसते." गुणही घसरले होते. गणितात तर असा आकडा आला की नवऱ्याला वाटलं दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलंय.

झालं, मी फोनला आरोपी केलं आणि खटलाही चालवून टाकला. मला खात्री होती की ती नाच बघते. मुली ओळीने उभ्या राहून हातवारे करतात ना, तसले. नवरा चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो, त्याच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीला कुठेतरी सेटिंग असतं. त्याने रविवारची दुपार घालून तिच्या फोनला वेळेची मर्यादा घातली. पोरीने ती अकरा मिनिटांत काढली. त्याला आधी राग आला, मग अभिमान वाटला, आणि मग तो मला म्हणाला, "तूच बघ आता." मला पदव्या, गुण वगैरे नंतर हवे होते. मला आधी माझी बडबडी पोर परत हवी होती.

उन्हाळा लागायच्या सुमाराला शाळा पूर्ण भरणार असं ठरलं आणि मास्तरांनी पालकांची ऑनलाइन सभा घेतली. वर्गाच्या भिंतीवर फोन ठेवायचा प्लास्टिकचा पडदा असतो, त्याला ओळीने खिसे. तास सुरू होताना प्रत्येकाने आपला फोन खिशात टाकायचा, तास संपला की घ्यायचा. तो पडदा फाटला होता, आणि शिवाय दुसऱ्याचा फोन बसलेल्या खिशात आपला फोन घालायला आता कुणी तयार नव्हतं. प्रत्येक मुलाला स्वतःचा, धुता येईल असा खिसा हवा होता. मास्तरांनी विचारलं, "कुणाकडे शिवणयंत्र आहे का?" नवरा माझ्या हातावर झडप घालणार तेवढ्यात मी हात वर केला होता. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मास्क शिवायला मी जुनं मशीन आणलं होतं आणि कपाटात तर अख्खं दुकान होतं.

तीन दिवस मी शिवत सुटले. खण, इरकल, काठाचे, बुट्ट्यांचे, एक चमचमता राणी कलरचा जो बघून डोळे मिटतात. अठ्ठावीस खिसे, वर एक जादा. पीस कमी पडले नाहीत, पण एका हिरव्या खणाच्या उरलेल्या तुकड्याचाही खिसा केला, कारण कापड चांगलं होतं. लेक दारात उभी राहून बघत होती. "आई, प्लीज. साधं निळं काहीतरी," ती इंग्रजीत म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही. तसंच राहू दे." त्या महिन्यातलं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं, आणि मी त्यावर काय म्हणाले? म्हणाले, "निळा पण आहे की, मोरपंखी."

आता इथे माझ्याकडून जे झालं ते कुठल्याही मराठी बाईकडून झालं असतं. खिसे इस्त्री करून रचले आणि पिशवी बांधताना हात अडला. रिकामा बटवा कुणाला देऊ नये, असं आमच्याकडे म्हणतात. डबा परत करतानासुद्धा त्यात चिमूटभर साखर तरी घालायची. मग अठ्ठावीस पोरांना रिकामे खिसे कसे द्यायचे? मी डबा काढला आणि प्रत्येक खिशात एकेक खडीसाखरेचा खडा टाकला. कागदात गुंडाळायचं डोक्यातही आलं नाही. शाळेत पालकांना आत प्रवेश नव्हता, म्हणून पिशवी फाटकाशी ठेवून मी मागे सरले, मास्तर पुढे आले, पिशवी उचलली आणि दोघांनी लांबून एकमेकांना नमस्कार केला. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की घरी येताना सायकल दोनदा चुकीच्या वळणाला नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मास्तर, शेजारी दीड मीटर सोडून शाळेचा केअरटेकर, आणि मास्तरांच्या हातमोजा घातलेल्या बोटांत एक पांढरा, चकचकीत खडा.

"मेव्हराऊ," मास्तर म्हणाले. बाईंना इथे असंच म्हणतात. "हे काय आहे?"

मला आधी कळेचना की ते इतके गंभीर का आहेत. मग केअरटेकरचा चेहरा बघितला आणि लख्ख उजेड पडला. आम्ही राहतो तो ब्राबांत प्रांत. इथल्या बातम्यांमध्ये शेतातल्या गोठ्यांत सापडलेल्या ड्रग्जच्या पांढऱ्या खड्यांच्या गोष्टी दर महिन्याला असतात, आणि ते खडे कुणी प्रसादाला वापरत नाही. मी धावत जाऊन डबा आणला, मूठभर खडीसाखर कॅमेऱ्यासमोर तोंडात कोंबली आणि कडाकडा चावत, भरल्या तोंडाने, माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं की ही साखर आहे, साधी साखर, आणि रिकामं देणं आमच्यात बरं दिसत नाही.

मास्तरांनी हातातला खडा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "चांगलं झालं. कारण आम्हाला सतराच सापडलेत." बाकीचे अकरा त्यांनी तपासायच्या आधीच मुलांनी तोंडात टाकून तपासले होते. एवढं बोलून ते जे हसायला लागले ते कॅमेऱ्याबाहेर गेले. फक्त हसणं ऐकू येत होतं. केअरटेकरने हळूच विचारलं की अशी साखर मिळते कुठे.

लेक घरी आली ती तीन भाषांत रागावलेली. सगळा वर्ग आता तिला ओळखत होता, साखरवाली म्हणून. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणजे आधी मान तरी हलवायची ती पण बंद. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिसऱ्या दिवशी मात्र तिने डब्यातून खडीसाखर काढून दप्तरात टाकली. विचारलं तर म्हणाली, एका मुलीला हवीय, दोन वेण्यावालीला. मी डबा तिच्या हाताशी ठेवून आत गेले. दुधाकडे बघत बसलं की ते वर येत नाही, हे तसंच काहीतरी.

फोन मात्र सुटेना. शाळेतून आली की फोन, जेवताना मांडीवर फोन. मास्तरांनी कळवलं की भिंतीवरच्या खिशात फोन टाकल्यावरसुद्धा तिचं लक्ष फळ्यावर नसतं, भिंतीवर असतं.

पुढच्या पालकसभेच्या दिवशी नवरा आणि मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. लेक कॅमेऱ्याच्या बाहेर, सोफ्यावर, गुडघे पोटाशी घेऊन. मास्तरांनी सांगितलं की त्यांनी वर्गात एक गंमत केली. एका तासाला फोन बंद न करता व्हायब्रेटवर ठेवले, सगळे भिंतीवरच्या खिशांत. ज्या खिशातून घुर्र आवाज येईल त्याच्यापुढे एका मुलाने फळ्यावर रेघ मारायची. तासानंतर मुलांनी आपापला फोन बघून रेघा रंगवायच्या. मित्रमैत्रिणींच्या निळ्या, खेळांच्या हिरव्या, घरच्यांच्या लाल. मुलांना नुसतं ऐकूनच कळलं होतं की अशा खोलीत डोक्याचं काय होत असेल.

मग त्यांनी फळ्याचा फोटो दाखवला. मुलांची नावं नाहीत, नावाच्या जागी माझ्या कापडांची चित्रं. मी मनातून फुलले. राणी कलरला निळ्या रेघा भरपूर, मोरपंखीला खेळांच्या. आणि खालच्या ओळीत एका हिरव्या खिशापुढे रेघाच रेघा, सगळ्या लाल. मास्तर म्हणाले, "एका तासात एकतीस. सगळे घरून."

मी नवऱ्याला म्हटलं, "काय बाई तरी. लेकराला वर्गात पाठवायचं आणि वर मेसेज करत बसायचं." तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. मी हात वर केला आणि सभेला डचमध्ये ऐकवलं की आपण मुलांच्या फोनला नावं ठेवतो, पण ज्यांचं कुणाचं हे मूल आहे त्या पालकांनी आज स्वतःकडे बघावं. दोनतीन आयांनी माना डोलावल्या. मास्तर नुसते पाणी प्यायले.

सोफ्यावरून आवाज आला, मराठीत. "आई, तो माझा खिसा आहे."

मी परत फोटो बघितला. हिरवा खण, आंब्याची बुट्टी. पाचव्या वाढदिवसाला आजीने तिला परकर-पोलकं शिवलं होतं, त्याच कापडाचा उरलेला तुकडा. अठ्ठावीसांतून तिने तो शोधून घेतला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि माझा माईक चालूच होता.

नवऱ्याने झटकन लॅपटॉपच मिटला. मग मी तिचा फोन मागितला आणि पहिल्यांदाच तिने तो दिला. एकतीसमध्ये नऊ माझे होते. डबा खाल्लास का. मास्क बदल. खिडकी उघडी आहे का वर्गाची. खाल्लास का सांगितलं नाहीस. पाच आजीचे, फुलांचे. बाकी सगळे आमच्या फॅमिली ग्रुपचे.

"तू ग्रुपमध्ये कधीपासून आहेस?" मी विचारलं.

"माझ्या वाढदिवसापासून," ती म्हणाली. "मामाने घेतलं होतं, सगळ्यांना विश करता यावं म्हणून."

विश करून झालं आणि तिला काढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. हे आमच्याच घराण्याला जमू शकतं. आणि मग वसंतात त्या ग्रुपवर काय चाललं होतं ते मला आठवलं. भारतात दुसरी लाट होती. आजी पुण्यात घरातच आजारी पडली होती, आणि भाऊ दिवसातून चार वेळा तिच्या ऑक्सिजनचा आकडा ग्रुपवर टाकत होता. चौऱ्याण्णव. ब्याण्णव. एक्याण्णव, कुठे बेड मिळतोय का बघा. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की पोरीला कळू द्यायचं नाही. मी तिला सांगितलं होतं, आजीला सर्दी झालीय, घसा बसलाय, म्हणून बोलत नाही.

"मी बघत होते सगळं," लेक म्हणाली. "गणिताच्या तासाला पण. मला वाटायचं, मी बघत राहिले तर आकडा खाली जाणार नाही. आणि तुला विचारलं की तू म्हणायचीस सर्दी."

मला वाटत होतं ती नाच बघतेय. बारा वर्षांची पोर मांडीवर फोन ठेवून आपल्या आजीला जिवंत ठेवत होती, आणि आजी उठून बसली तरी तिची ती ड्यूटी सुटली नव्हती. खिशातून घुर्र झालं की तिला वाटायचं, आता बातमी. आणि उघडून बघावं तर मी, डबा खाल्लास का. मला इतकी लाज वाटली की मी तिला जवळ घेऊन ढसाढसा रडले, ती पण रडली, नवरा चहा करायला म्हणून आत गेला आणि तिथे रडला. चहा आला तो मीठ घातलेला. तो पहिला घोट घेऊन आम्ही तिघं जे हसत सुटलो ते थांबेना, पोटात दुखेपर्यंत.

मी तिला वचन दिलं की काही असलं तर मी तोंडाने सांगेन आणि खरं सांगेन. तिने तिथेच परीक्षा घेतली. "आजीचा आजचा आकडा?" मी पुण्याला फोन लावून, आजीला झोपेतून उठवून, बोटाला यंत्र लावायला लावलं. अठ्ठ्याण्णव. आजी वैतागून म्हणाली, "अगं, मी ठणठणीत आहे. आणि मेसेजचं म्हणशील तर तूच म्हणालीस ना, पोरीला मैत्रीण नाही. म्हटलं, आपण तरी पाठवत राहावं." मग तह झाला. लेक ग्रुपमधून बाहेर. आजीने रोज आमच्या चार वाजता फोन करायचा, फुलं न पाठवता बोलायचं. आणि मी शाळेच्या वेळात एकही मेसेज करायचा नाही.

हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. तो एकोणतिसावा, जादा खिसा मी फ्रीजशेजारी टांगला आणि साडेआठ वाजता माझा फोन त्यात घातला. ऑफिसचं काम लॅपटॉपवर चालायचं, पण हात आपला दर दहा मिनिटांनी फ्रीजकडे. नवरा म्हणाला, तू फोनसाठी उठतेस की खायला, तेच कळत नाही. मी तीन आठवडे टिकले. लेक घरी येऊन थोडं थोडं बोलायला लागली होती, म्हणजे दोनचार वाक्यं, आणि मी ती श्वास रोखून ऐकायचे.

सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात ती एकदा वेळेवर आली नाही. नेहमी पावणेतीनला सायकल अंगणात लागायची. तीन झाले, सव्वातीन झाले. मी खिडकीत, मग दारात, मग रस्त्यावर, मग परत फ्रीजशी. मी फोन उपसून काढला आणि सात मेसेज ठोकले. एकाचंही उत्तर नाही. मी चपला घातल्या, तेवढ्यात सायकली वाजल्या. दोन होत्या. दुसरीवर दोन वेण्यावाली मुलगी. दोघींच्या तोंडात खडीसाखर.

"कुठे होतीस? फोन का नाही बघितलास?" मी म्हटलं.

तिने जॅकेट चाचपलं, दप्तर चाचपलं. "अरेच्चा," ती म्हणाली. "खिशातच राहिला."

"कुठल्या खिशात?"

"शाळेतल्या. भिंतीवरच्या." एवढं बोलून तिने मला बाजूला सारलं आणि मैत्रिणीला आत घेत, अर्धं डच अर्धं मराठी, केअरटेकर शिडीवरून कसा पडता पडता वाचला ते साभिनय सांगायला लागली. चार वाजता माझ्या फोनवर आजीचा फोन आला तर तिलाही तेच पहिल्यापासून. फोन विसरलाय याचं त्या पोरीला काही नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून कणिक मळत होते आणि मधूनच उगाच गिरकी घेत होते. नवरा घरी आला तर म्हणाला, घरात एवढा आवाज कसला, आणि मग त्यालाच कळलं आणि तो दारातच बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक फोन घेऊन घरी आली. मास्तरांनी सकाळी फळ्यावर हिरव्या खिशापुढे सात लाल रेघा मारून ठेवल्या होत्या. काल शाळा सुटल्यावर ते वर्गात एकटेच वह्या तपासत बसले होते, आणि भिंतीवर हिरवा खण सात वेळा घुरघुरला होता. वर्गाने माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या म्हणे.

लेकीने माझे मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवले. कुठे आहेस. पोचलीस का. सायकल बिघडली का. असं करत करत सातवा आला. मी लिहिलं होतं, काहीतरी बोल गं.

"बोलते ना," ती म्हणाली. "बस इथे." आणि सहा वाजेपर्यंत बोलत होती.